पिवळं नव्हतं

फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात अकरा कुप्या,
प्रत्येकीवर एका वाडीचं नाव आणि साल.
जात एकच. सूक्ष्मदर्शकाखाली सख्ख्या बहिणी:
तीच सडपातळ अंगकाठी, तीच शेपटीची वळवळ.
बाहेर पुर्वोकर्तोची दुपार भाजते आहे.
डॉक्टर हर्तांती म्हणतात, सगळ्यांना खोबऱ्याचा चोथा दे
आणि थांब.

तेल काढून उरलेला चोथा
जावाच्या या भागात कुणी फेकत नसे.
वाफवायचा, बुरशी पेरायची, केळीच्या पानात बांधायचं,
दोन रात्रींत पांढरी घट्ट वडी.
ज्याच्याकडे मासे नाहीत त्याचं कालवण.
बुरशी आधी पोचली तर जेवण झालं.
ह्या आधी पोचल्या तर
(इथे मी वहीत लिहिते: अठ्ठेचाळीस तास, तीस अंश.)

पहिलीनं बशी पिवळी केली, हळद लागलेल्या हातासारखी.
तिसरीनंही. पण खरं विष मोजलं
तर चिमूटभर. नुसती बोंब.
चौथी पिवळी नाही, विषारीही नाही,
भोळी म्हणावी की आळशी.
सहावी वीस वर्षं आयत्या रश्श्यावर वाढलेली,
या नळीतून त्या नळीत, कशाची वाण नाही,
मारायचं कसं ते विसरून गेली.
चोथा दिला तरी आठवेना.
मला तिचा थोडा हेवा वाटला.

नववी.
बशी स्वच्छ. रंग नाही, वास नाही.
मी तिला चौथीच्या शेजारी ठेवणार होते.
यंत्रावरची रेघ वर चढली
आणि कागदाबाहेर गेली.
पुन्हा केलं.
पुन्हा गेली.

नववीवर शाई फिकटलेली:
केदुंगसारी. टोपली दोन. विकणारी, दार्सिवेन.

त्या वर्षी त्या वाडीत एकोणीस माणसं गेली.
त्यात तिचा नवरा सानमार्ता, त्यात तिची लेक.
तिच्या वाटची वडीही तिनं लेकीलाच दिली होती.
पोलिसांपुढे, सरपंचापुढे, मशिदीच्या पायरीवर
ती एकच सांगत राहिली:
पिवळं नव्हतं.
पिवळं दिसलं की मी खड्ड्यात पुरते, आईनं शिकवलंय.
कुणी मानलं नाही. विष पिवळंच असतं,
हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.
लोभापायी तळून खपवलं म्हणाले.
तळल्यानं हे मरत नाही, तेही कुणाला माहीत नव्हतं.

मी बसनं गेले. कागद घडी करून पर्समध्ये.
ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नखं मातीनं काळी.
मी समजावलं: रंगवणं हे एक काम आहे, आणि मारणं दुसरं.
कुणाला दोन्ही येतात, कुणाला एकही नाही.
तुमच्या टोपलीतलीला
एकच येत होतं.

बराच वेळ शेंगांचाच आवाज.
मग तिनं विचारलं,
"तिला कळत होतं का, ती काय करतेय?"
नाही, म्हटलं. तिला काहीच कळत नसतं.
"मलाही नव्हतं कळत," ती म्हणाली,
आणि टरफलं सुपात पाखडू लागली.

कागद तिला नको होता. दाखवायचा कुणाला?
नणंद गेली, सरपंच गेला,
शिव्या देणारे सगळे
तिच्याआधी मातीत.
निघताना ओंजळभर दाणे माझ्या रुमालात ओतले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून
मी एकेक दाणा उजेडात धरला.
सगळे गुलाबी, टणक, धड.
याचा अर्थ काय, ते आता मला नेमकं माहीत आहे:
काहीच नाही.
सोकाराजा येईपर्यंत रुमाल तसाच मांडीवर होता.
मग खाल्ले.